जिना वरून खाली पुसतात

४ मार्च
शनिवारचं व्याख्यान माझ्याच गळ्यात! इटालियन सिनेमातली गरिबी – दोन चित्रपटांची तुलना. पहिला जुना, कृष्णधवल. विधवा बाई जिने पुसून पोर वाढवते, पोटात अन्न नाही पण मान ताठ. दुसरा बऱ्याच वर्षांनंतरचा, रंगीत. एका तळघरात दोन कुटुंबं, साबणावरून हमरीतुमरी, शिव्या, वर खदाखदा हसणं. माझं मत ठरलेलंच आहे: पहिल्यात गरिबाचा मान, दुसऱ्यात टिंगल. दोन तासांत लिहून होईल.

६ मार्च
दोन्ही घरी पुन्हा लावले. आई शेजारी येऊन बसली. भाषा कळत नव्हती, तरी दहाव्या मिनिटाला म्हणाली, "हिनं जन्मात जिना पुसलेला नाही."
"का गं?"
"खालून वर पुसत चाललीये. जिना वरून खाली पुसतात. नाहीतर घाण पाणी पुसलेल्यावरच येतं की!"
मागे नेऊन पाहिलं. खरंच! वरच्या खिडकीतला उजेड तिच्या चेहऱ्यावर पडावा म्हणून तिला वर चढवलंय. पंधरा वर्षं हा प्रसंग वर्गात दाखवतेय मी – डोळे पुसत.
दुसऱ्या चित्रपटात म्हातारी साबणाची वडी उशाखाली घेऊन झोपते. आईची हसून हसून मुरकुंडी वळली. "अगं, मी नखानं रेघ मारून ठेवायचे वडीवर! तुझी काकू चोरून वापरायची ना." मला हसू आलं नाही. ती रेघ मला आठवते. कुणी ऐकलं तर, असंच आधी मनात आलं. घरात आम्ही दोघीच!

७ मार्च
सगळी तुलना उलटीपालटी केली. पहिला गरिबीला देखणी करतो, दुसरा तिला ओळखतो. जिन्याचा मुद्दा अगदी सुरुवातीला घातला. विभागप्रमुख बाई बेहद्द खूश. "इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही! तुला कसं दिसलं?"
"बारकाईनं पाहिलं."
तोंडातून निघून गेलं. नाही – निघून नाही गेलं. मी म्हणाले.

९ मार्च
आईनं ठेवणीतले कपडे बाहेर काढले. "मागे बसेन. चकार शब्द बोलणार नाही."
मी म्हटलं, हॉल चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट बंद आहे, तुझे गुडघे...
"बरं," म्हणाली. कपडे नीट घडी करून परत ठेवले.
लिफ्ट चालू आहे. लहानपणी शाळेत मी सांगायचे, आई ऑफिसात असते. ऑफिसचे जिने पुसते, एवढं गाळायचे. पंचेचाळिशी आली, पण जित्याची खोड!

१० मार्च
लाज वाटते. तरी सांगितलं नाही.

११ मार्च
झालं. टाळ्याच टाळ्या. जिन्याच्या मुद्द्याला तर लोक पुढे सरसावून ऐकत होते. शेवटी एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः गरिबी कधी जवळून पाहिलीत?"
"पडद्यावरच," मी म्हणाले. सगळे हसले. मीही!
घरी आले तर आई गुडघे शेकत बसली होती. "कसं झालं?"
"छान."
"होणारच," म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, रुसलीये.

१३ मार्च
हॉलच्या शिपायानं गाठलं. "तुमच्या आईंना त्या दिवशी खुर्ची देत होतो, घेतलीच नाही. 'आत माझी लेक बोलतेय' म्हणाल्या. शेवटपर्यंत दाराशी उभ्या. सगळे हसले, तशा त्याही हसल्या."
त्याचं बोलणं संपलं नव्हतं.
"आणि लिफ्ट चालू आहे म्हणून दोनदा सांगितलं, तरी चार मजले जिन्यानंच आल्या, जिन्यानंच गेल्या. म्हणे, 'नको, लेकीनं बंद आहे म्हणून सांगितलंय.'"