दोघांनी खेळायचं कोडं

३ मार्च

झाला! एकदाचा खेळ झाला. सकाळी सव्वाअकराला इंटरनेटवर फाइल चढवली. आता मागे घ्यायची नाही.

टीव्हीला जोडायच्या त्या जुन्या कॉम्प्युटरसाठी नवा खेळ, तोही आजच्या काळात! दुकानात काउंटरवरच्या बाईंना काल सांगितलं, तर म्हणाल्या, "त्यापेक्षा एखादा स्वेटर विणला असतात." मी काचा घासत राहिले. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसणाऱ्या बाईने स्वेटरच विणायचा असतो बहुतेक.

नियम असे. पहिली दहा कोडी फुकट. दहावं सुटलं की पडद्यावर माझा पत्ता येतो. पुढची चौदा हवी असतील तर पैसे नकोत, एक पोस्टकार्ड पाठवायचं — त्यावर दोन सह्या. कारण खेळ दोघांचा आहे. एकाच कीबोर्डवर शेजारी बसायचं, डावीकडची बटणं एकाची, उजवीकडची दुसऱ्याची. पडद्यावर दोन खोल्या, मध्ये भिंत, प्रत्येक खोलीत एक माणूस. एकाने दगडावर पाय दिला की दार उघडतं ते दुसऱ्याच्या खोलीतलं. आपलं आपल्याला उघडता येत नाही.

५ मार्च

दादाला खेळाची कॅसेट पाठवली; त्या मशीनचे खेळ कॅसेटवरच असायचे. लेबलवर खेळाचं नाव आणि फाइल कुठे मिळेल ते. चिठ्ठी टाकली नाही. टाकायला हवी होती का?

खेळ त्याच्याचसाठी केला आहे. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय! लहानपणी हेच मशीन, समोर एकच बाकडं, तो डावीकडे, मी उजवीकडे. "ढब्बू, सरक!" — हे तो मला दिवसातून शंभरदा म्हणायचा.

बाबांच्या शेवटच्या आजारपणात तो दोन दिवस उशिरा पोहोचला. सगळं माझ्या एकटीच्या अंगावर पडलं होतं. हॉस्पिटलच्या जिन्यात, चार लोकांसमोर, मी म्हटलं, "आता तुझं इथे काही काम नाही." तो वळला आणि खरंच निघून गेला. सहा वर्षं झाली. राग यायला कारण होतं. ते वाक्य बोलायला नव्हतं.

८ मार्च

सत्तावीस जणांनी उतरवून घेतला. सत्तावीस! आजकाल जुन्या मशीनचं सोंग आणणारे प्रोग्राम असतात, त्यामुळे कुणालाही खेळता येतो. दादालाही.

२९ मार्च

पहिलं पोस्टकार्ड! सही एकच. "मी एकटाच राहतो. दोन्ही हातांनी खेळलो. एका सहीवर चालेल का?"

चालेल हो! न चालायला काय झालं. मीसुद्धा सगळी कोडी तशीच तपासली आहेत. डावा हात दादा, उजवा हात मी. कधी कधी डाव्या हाताला रागवायचेसुद्धा. कुणी पाहिलं असतं तर डॉक्टरकडे नेलं असतं.

उरलेली कोडी लगेच पाठवली.

१७ एप्रिल

सात पोस्टकार्डं झाली. एक रिटायर झालेला नकाशे काढणारा, एक रात्रपाळीची नर्स, एक पियानो दुरुस्त करणारा. सातही कार्डांवर एकच सही. जगात दोघं असं कुणी उरलंच नाही की काय?

दुकानातल्या काचा घासायच्या मशीनवर कार्डं ओळीने चिकटवली आहेत. मालक म्हणाले, "काय हो, नातेवाईक का?" मी हो म्हटलं.

दादाचं काही नाही.

४ मे

आज खेळाच्या पानावर एका जोडप्याचा निरोप. "आम्ही नवरा-बायको. नऊ कोडी मजेत सुटली. दहाव्यात दोघांचे पाय एकाच क्षणी दगडावर पडायला हवेत. तीन आठवडे झाले. मोठ्याने एक-दोन-तीन म्हणूनही जमत नाही. आता घरात भांडणं होतात. तुम्ही दोघांनी कसं केलंत?"

तुम्ही दोघांनी!

प्रोग्राम उघडून बघितला. दोघांच्या पावलांत मी जेमतेम सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा फरक चालू दिला आहे. माझ्या हातांना तेवढा पुरतो, दोन्ही माझेच, एकदम पडतात. पण दोन वेगळ्या माणसांना ते जमणं शक्यच नाही. कपाळ माझं! म्हणूनच सगळ्या कार्डांवर एक सही. जोडीने आलेल्यांना मी दहाव्या कोड्याशी अडवलं आणि एकटे तेवढे आत घेतले. दोघांचा म्हणून केलेला खेळ!

रडू आलं, ते लिहून ठेवते.

६ मे

आकडा बदलायचा, बस्स. पण किती? ते कळायला शेजारी दुसरं माणूस हवं.

काउंटरवरच्या बाईंना विचारलं, रविवारी माझ्याकडे खेळायला येता का. "मी? नको हो, माझी बोटं जाड. आणि रविवारी घरी सगळे असतात ना." खरंच आहे. त्यांच्या घरी असतात.

आल्या असत्या तर बसवलं कुठे असतं? खुर्ची एकच. दुसरीचा पाय मोडला तेव्हा देऊन टाकली, नवी आणली नाही. लागलीच नाही.

१२ मे

दादाचा नंबर फिरवला. वाजायच्या आत फोन ठेवून दिला. कॅसेट मिळून दोन महिने झाले असतील. तुझं काही काम नाही, असं मीच म्हटलं होतं ना! मग ऐकतोय.

१३ मे

त्या जोडप्याला लिहिलं — "चूक माझी आहे, तुमची नाही. भांडू नका." दोघांनी कसं केलं, त्याचं उत्तर दिलं नाही.

१९ मे

दुसऱ्या माणसाशिवाय आकडा बदलणार नाही. अंदाजाने काचेचा नंबर लावत नाही, तसंच हे. राहू दे तसंच.

३० मे, गुरुवार

पोस्टकार्ड आलं. सही एकच. जसंच्या तसं उतरवते.

"ढब्बू, दहावं तुझ्या वहिनीबरोबर बसून महिनाभर केलं. सुटेना. मग एकट्यानेच दोन हातांनी केलं, पहिल्या झटक्यात सुटलं. तेव्हा कळलं की तू हे सगळं एकटीने तपासलं आहेस. त्यानंतर चार कार्डं लिहून फाडली. शनिवारी येतो. दुसरी सही तू कर. डावीकडे मी बसणार."

उद्या दुकान सुटलं की आधी खुर्ची.