शेजारची खुर्ची

४ फेब्रुवारी

चि. भाचीबाईंस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे, आणि मला ओरडण्याचा तिचा आवाज त्याहून बरा. पत्राचं कारण वेगळंच. कारखान्यात कापड बेतायला शिकणाऱ्या नव्या मुलीने माझ्याविरुद्ध तक्रार केली आहे. मी तिचं मनगट धरून कात्री चालवायला शिकवतो, ते तिला नको होतं म्हणे. अगं, मलाही माझ्या मास्तरांनी तसंच शिकवलं! आता सगळे माझ्याशी जपून बोलतात. डबा एकटाच खातो.

चौकशीला सोबत एक माणूस आणता येतो. घरात पदवी घेतलेली तू एकटीच. ये, आणि सांग की तुलाही मी हात धरूनच अक्षरं शिकवली. या वयात मला दुसरी नोकरी कोण देणार?

आजवरचा लोभ या वेळी कामी येऊ दे.
तुझा मामा

९ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि आपल्या मागच्या दाराची पायरी आठवली. तू कामावरून यायचास, बोटांना खडू लागलेला असायचा, आणि माझ्या मुठीवर तुझी मूठ. माझी अक्षरं अजून तुझ्यासारखीच डावीकडे कलतात. कचेरीत हसतात मला. हसू देत.

मी येईन. आरोप असलेल्या माणसाच्याही शेजारी आपलं कुणीतरी बसलं पाहिजे, असं मी मनापासून मानते. पण तू सांगितलंस ते मी बोलणार नाही. मी कधी ‘सोड’ म्हटलं नव्हतं, मामा. तिने म्हटलं होतं का? उत्तर मला नको, समितीला दे. रागावलास तरी चालेल, मी येणारच.

माया पातळ करू नकोस.
तुझी भाची

२ मार्च

चि. भाचीबाईंस,
अनेक आशीर्वाद.

निकाल आला. लेखी ताकीद, आणि वर्षभर कुणाला शिकवायचं नाही. नोकरी राहिली.

खरं सांगतो, ‘आठवत नाही’ असं म्हणायचं ठरवूनच मी आलो होतो. ती काही बोलली होती का, असं समितीच्या बाईंनी विचारलं, तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. नुसतं पाण्याचं भांडं पुढे सरकवलंस. मग तोंडातून निघूनच गेलं, की दोनदा म्हणाली होती, आणि मी ऐकलं होतं. तुझ्यावर आठवडाभर धुसफुसत होतो.

काल त्या मुलीने बाही तिरकी कापली. मी लांबच उभा राहिलो. दुसरी तिने एकटीनेच सरळ कापली.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. पायरीवर तुलाही कधी वाटलं होतं का, मामाने हात सोडावा? खरं लिही. मला वाईट वाटलं तर वाटू दे.

तुझा मामा

७ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

हो, एकदा. स्वतःचं नाव लिहिता येऊ लागलं त्या संध्याकाळी. पण मी म्हणायच्या आत तू आपणहून हात काढून घेतलास, आणि आईला हाक मारलीस, बघायला ये म्हणून.

आहे तसाच लोभ राहू दे.
तुझी भाची