वाडीपर्यंत न पोचलेला पुलाव

आई, आता उरलेलं अन्न द्यायलाही मोबाइल लागतो. तू तुंगार्लीच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होतीस, तेव्हा पाहुणे गेले की बाई उरलेल्या पुऱ्या, भाजी डब्यात भरून द्यायच्या आणि तू वाडीतल्या पहिल्या घरापासून वाटत यायचीस. मला त्याची लाज वाटायची. एकदा मी ताट सरकवलं, तर तू एवढंच म्हणालीस, "उरलंय ते, उष्टं न्हाई. जेव गुमान."

आता मी कुसगावच्या एका हॉटेलात किचनचं बघते. अन्न वाया जाऊ नये म्हणून मालकांनी एक ॲप घेतलंय. आम्ही उरलेल्याचा फोटो टाकायचा. ज्याला हवं त्यानं आपल्या फोनवर बटण दाबायचं, मग त्याला येणारा नंबर गेटवर दाखवला की अन्न द्यायचं. वेळेत कुणी बटण दाबलं नाही, तर सगळं ओल्या कचऱ्यात. आपल्या शेजारची मावशी, माझी वेणी घालायची ती, आता थकलीय. तिच्या फोनवर मीच ते ॲप घेऊन दिलं. सगळं इंग्रजीत, म्हणून तिला रंगावरून शिकवलं: हिरवं दिसलं की दाबायचं. आपली वाडी त्याच्या नकाशात नाहीच, खूण तळ्याच्या मधोमध पडते. मावशी हसली. "मंजी आमी पान्यात ऱ्हातो व्हय?"

गेल्या महिन्यात एका लग्नाची निम्मी मंडळी घाटात अडकली आणि पातेलीच्या पातेली पुलाव उरला. मी फोटो टाकून मावशीला कळवलं. सुनेला घेऊन, डोक्यावर रिकामं पातेलं घेऊन ती दुपारच्या उन्हात चालत आली. गेटवर फोन काढून बघत बसली. मधल्या काळात ॲप बदललं होतं, हिरवं बटण निळं झालं होतं. ती हिरवं शोधत राहिली. मी किचनमधून धावत जाईपर्यंत वेळ संपली. शिजलेल्या अन्नाचा फोटो ॲप पुन्हा टाकू देत नाही. मी मॅनेजरला विनवलं. पोरगा वाईट नाही गं. म्हणाला, नंबराशिवाय दिलं आणि कुणाला काही झालं, तर आपण काय उत्तर देणार?

मावशीनं विचारलं, "नासलाय का?"

"नाही."

"मग?"

कचऱ्याची गाडी आली, तेव्हा आम्ही तिघी गेटवर उभ्या होतो. पुलाव अजून कोमट होता. जाताना मावशीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "माजंच चुकलं आसंल, पोरी. मला वाचता कुटं येतंय." मी ॲपवाल्यांना फोन केला. तिथली मुलगी गोड बोलली, सूचना पुढं कळवते म्हणाली. बटण अजून निळंच आहे, आणि मावशी माझा फोन उचलत नाही.

हे कुणाला सांगावं कळेना, म्हणून तुला लिहितेय. तुला पोचायचं नाही, ठाऊक आहे. पुलाव गाडीत गेला त्या रात्री मला वाटलं होतं, आपल्याला जेवण जाणार नाही. गेलं, आई. भात दुसऱ्यांदा वाढून घेतला.