दोष तारांचा नाही

"हल्लीच्या तारांत काही दम राहिला नाही," असं काल तंबोरा लावताना पुटपुटलात, ते मी चुलीपाशी ऐकलं. वर्षात तीनदा तारा बदलून झाल्या.

तुम्ही देवळातून येईपर्यंत मी पुण्याच्या गाडीत असेन. गायनमास्तरांच्या परिषदेत तुमच्या शाळेच्या चार मुली गाणार आहेत, त्यांना पेटीची साथ तुमच्याऐवजी मी करणार. मोठ्या बाईंना मीच जाऊन विचारलं. तुम्हांला ताप आहे असं त्यांनी परिषदेला कळवलंय. ताप नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

पेटी कधी शिकलीस, म्हणाल. लग्न होऊन आल्यापासून पंचवीस वर्षं तुमची शिकवणी माजघरातून ऐकली, आणि तुम्ही शाळेत गेलात की वाजवली. एकदा सांगितलं, तर "हे भाकऱ्या थापायचे हात," म्हणून पाहुण्यांपुढे हसलात. त्याच हातांच्या भाकऱ्या टोपलीत आहेत, शेंगांची चटणी बरणीत. दूध तापत ठेवलंत तर समोरून उठू नका.

परवा कमरबीला बेसूर म्हणून वर्गाबाहेर काढलंत. पोर रडत आपल्या दारात आली. मी तिच्याकडून गाऊन घेतलं; सूर कुठं हलला नाही. तरी मुली गप्प, मोठ्या बाई गप्प, मीही गप्पच की. तोंडानं सांगायचं तर ओरडावं लागेल आणि सगळी गल्ली ऐकेल, म्हणून लिहिते.

पोरींचे गळे चांगले आहेत, ताराही चांगल्या आहेत. तुम्हांला ऐकू येत नाही.