अंधाराची तालीम

रोहिणखेड,
ता. २७ फेब्रुवारी १९३६

प्रिय वहाब,

दिवाळीपासून तुझ्या पत्रांना उत्तर दिलं नाही, क्षमा कर. मोतीबिंदू वाढतो आहे. या ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर हसू नकोस. शाळेत फळ्यावरचं माझंच अक्षर मला धुक्यातून दिसतं. पण या धुक्यात एक सुखही आहे, हे तुझ्यापासून कशाला लपवू? काल सांजेला मशिदीमागे चंद्राची कोर होती, तिच्या चार झाल्या आणि हलकेच एकमेकींत मिसळल्या. गावाबाहेरचे पळस मुळं सोडून तरंगत होते. त्याच मशिदीच्या पायरीवर आपण लहानपणी बोरं खायचो. ती बोरं मात्र अजून एकेक स्पष्ट दिसतात.

तू सांगितलेल्या अकोल्याच्या डॉक्टराकडे मी गेलो नाही. तयारी करत राहिलो. नागपूरला कॉलेजात आपण स्टोइक तत्त्वज्ञ वाचले, आठवतं? जे आपल्या हाती नाही ते शांतपणे घ्यावं, येणाऱ्या दुःखाची मनाशी आधीच उजळणी करावी. मी ती फार मन लावून केली. रोज सकाळी डोळ्यांवर उपरणं बांधून अंगणातून विहिरीपर्यंत चालायचं आणि मन किती डगमगलं ते डायरीत लिहायचं. आंधळेपण आलं असतं तर त्याला पाट मांडून बसवलं असतं, इतका मी तयार झालो होतो!

आज सकाळी पुष्पाने अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या. मी उपरणं बांधून, अगदी स्थिर मनाने, त्यांच्यावरून चालत गेलो. आधी ती खूप हसली. "अहो मास्तर, चटणी पायानंच कुटता काय?" मग ठसका लागला, आणि ठसक्यातून रडू आलं. म्हणाली, "डोये हायेत तं बांधता काऊन? दिसते तवर माह्याकडं पाहा ना!"

मी उपरणं सोडलं. खाली लाल पसारा, वर लुगड्याचा हिरवा ढग. चेहरा दिसेना. अगदी जवळ गेलो, तेव्हा कुठे तिच्या नाकातली चमकी सापडली.

वहाब, ऑपरेशन फसलं तर आहे तेवढा उजेडही जाईल, याची मला भीती वाटते. ती मी तत्त्वज्ञानाच्या उपरण्यात गुंडाळून ठेवली होती. ऑपरेशनचं फळ माझ्या हाती नाही, पण गाडीत बसणं तर आहे!

म्हणून हे पत्र आज संध्याकाळच्या मोटारीबरोबर नांदुऱ्याला तुझ्या दुकानी धाडतो. पुष्पा आणि मी मागोमाग येतो. नांदुऱ्याहून पुढे आमच्याबरोबर अकोल्याला येशील? तिथे नंतर काही दिवस डोळे बांधून निजवून ठेवतात म्हणे. तेवढी माझी तालीम झाली आहे. पण पट्टी सोडतील तेव्हा तू पुष्पाला माझ्यासमोर उभी कर.

तुझाच,
रामराव

उद्याचं काम: पहाटेची मोटार धरणे.