आगेऱ्याला गरवं भात

आई,

निवांत बसून लिहायला मला आयुष्यात वेळ मिळाला नाही, आणि मिळाला तेव्हा गुडघ्यांनी बसू दिलं नाही. आज खुर्चीवर पाय वर घेऊन बसले आहे, कारण बातमीच तशी आहे. यंदा आगेऱ्याला आपल्या वाडीचं भात वेदीवर गेलं. टेम्पोतलं नाही, विकतचं नाही, आपल्या गच्चीवरचं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, आणि तुला तर तेवढंही वाचता येत नव्हतं, तेव्हा चुका काढायला कुणी नाही. मोकळेपणी लिहिते.

आगेरा जवळ आला की तुझं तोंड सुरू व्हायचं. ऑक्टोबरचा पहिला रविवार. नव्या भाताच्या लोंब्या वेदीवर न्यायच्या, फादरनी त्यावर पाणी शिंपडायचं, मग प्रत्येकाने एक लोंबी घरी नेऊन क्रुसाला खोचायची. पण परळमध्ये भात कुठून आणणार? वसईहून टेम्पो यायचा. तो चर्चच्या फाटकात शिरला की तू कमरेवर हात ठेवून म्हणायचीस, "आला बघ. दुसऱ्याच्या घामाचं आपल्या देवाला. शेजारणीचं पोर कडेवर घेऊन फोटो काढाचा तसं." तुझ्या आजीने जिथे भात लावलं होतं तिथे गिरणी आली, गिरणी गेली, आता तिथे काचेची इमारत आहे आणि तिच्या दाराशी कुंड्यांत प्लॅस्टिकचं गवत आहे. तू दर वर्षी बोललीस आणि दर वर्षी त्याच टेम्पोतली सगळ्यात भरलेली लोंबी स्वतःसाठी काढून घेतलीस, तेही मला माहीत आहे.

आगेऱ्याच्या सकाळी तुझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसायची. मोठी कढई, तेल तापलेलं, ताडी घालून आंबवलेलं फुग्यांचं पीठ पातेल्याच्या काठावरून बाहेर बघतंय. तू इस्पितळातून ड्यूटी करून आलेली, आयाचा तो पांढरा गणवेश अजून अंगावर. मूठ पिठात घालतेस, अंगठ्याच्या फटीतून गोळा वर काढतेस, टुपकन तेलात सोडतेस, आणि तो फुगून स्वतःच उलटा होतो. मी हात घातला की माझा गोळा तळाशी जाऊन बसतो. "पिठाला भिऊ नको. भितंस म्हणून ते पन भितंय," असं म्हणून माझ्या मनगटावर फाटकन चमचा. रात्रभर बाळंतिणी सांभाळून आलेल्या बाईच्या हाताला इतका जोर कुठून यायचा देव जाणे. पण शिकले. आता या सगळ्या पॅरिशमध्ये फुगे म्हटलं की मलाच बोलावतात. आणि त्याच फुग्यांवर यंदा मी पैज लावून बसले.

झालं असं. पावसाच्या आधी हॉलमध्ये मीटिंग होती. आगेरा कमिटीची एक बाई आहे, कपाळावर चष्मा आणि हातात कायम फोन. ती म्हणाली, "टेम्पोचं नेहमीप्रमाणे सांगून टाकू ना?" मला काय झालं कोण जाणे, मी उठले आणि म्हणाले, "यंदा भात आमची वाडी देणार. गच्चीवर लावू."

ती म्हणाली, "मावशी, मागच्या वर्षी तुमच्या खिडकीतला मनीप्लांट मेला. मनीप्लांट कुणाचा मरत नाही हो."

सगळा हॉल हसला. फादरसुद्धा. मग मीही तोंड सोडलं. "आमच्या वाडीचं भात वेदीवर नाही गेलं तर फुग्यांची कढई मी तुमच्या हातात देईन आणि परत आगेऱ्याच्या टेबलापाशी येणार नाही." दोघीतिघींनी कपाळाला हात लावला. कारण तिचे फुगे सगळ्यांनी एकदा खाल्लेत. दगडासारखे, लग्नात नवऱ्या मुलाला मारायला चांगले.

वसईला आपल्या मावशीच्या मुलीकडून बियाणं आणलं. निळे ड्रम आडवे कापले, माती आणली, रोपं लावली. सगळी वाडी कामाला लागली बघ. जी माणसं जिन्यात एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणत नव्हती ती ड्रममध्ये पाणी किती ठेवायचं यावर भांडायला लागली. माझी नात, म्हणजे तुझी पणती, कॉलेजात जाते. तिने भाताचे फोटो काढून फोनवर वाडीचा ग्रुप केला. विरारला, बोरिवलीला गेलेली आपली माणसं रोज विचारायची, भात कसं आहे? माझ्या गुडघ्यांचं कुणी कधी विचारलं नाही. पण बरं वाटायचं. संध्याकाळी गच्चीवर रोझरी व्हायला लागली, मराठीतून, तू म्हणायचीस तशी, आणि नंतर ओलं खोबरं घातलेले उकडलेले चणे. चण्यांसाठी समोरच्या चाळीतले लोकही 'नमो मरिये' पाठ करून आले.

भात छान वाढलं. हिरवंगार, कमरेइतकं. फक्त लोंबी दिसेना. सप्टेंबर संपत आला तरी नुसती पात. आम्हाला वाटलं, मुंबईची हवा, घेईल वेळ. आपल्यात शेती कुणी बघितली होती? मग समोरच्या चाळीतली मालवणी काकू गणपतीला गावी जाऊन बरेच दिवस राहून परत आली. गच्चीवर चढली, एक पात हातात धरली, खालपासून वर बोटांनी चाचपली, आणि हसत मटकन खालीच बसली.

"गे बाय माझ्या, बियाणा खयसून हाडलंस?"

"वसईहून. का?"

"ह्या गरवा भात. हळवा लावूक होया होता. ह्या दिवाळीशिवाय कापूक येवचा नाय."

मग तिने मला बसवून समजावलं. हळवं भात लवकर तयार होतं, आगेऱ्याला तेच लागतं. गरवं सावकाश येतं. मी मावसबहिणीकडे नुसतं भात मागितलं, तिने जे घरात होतं ते दिलं. तिला वाटलं मला हौस आहे, मला वाटलं भात म्हणजे भात. आयुष्यभर रेशनच्या दुकानातून आणल्यावर आणखी काय वाटणार? आगेरा आठवड्यावर, आणि माझी कढई त्या चष्मेवालीच्या हातात जाणार.

नात म्हणाली, "आजी, टेन्शन काय घेतेस? दादरच्या फुलबाजारात दसऱ्यासाठी लोंब्या आल्यात, तोरणाला लावतात त्या. घेऊन येऊ, पातींना दोऱ्याने बांधू. कुणाला कळणार?"

मी गेले तिच्याबरोबर. खोटं सांगत नाही, हौसेने गेले. झेंडूच्या ढिगांमधून वाट काढत, माणसांचे धक्के खात. पिवळ्याधमक लोंब्यांच्या जुड्या. एक हातात घेतली, चांगली होती. फुलवाला म्हणतोय, "मावशी, घ्या, ताजी आहे." नात म्हणतेय, "घे ना." आणि मला मध्येच तू दिसलीस. दिसलीस म्हणजे भूत नव्हे, मी असल्या भानगडीत पडत नाही. एक जुना आगेरा आठवला.

मी तेव्हा परकर घालत होते. वाडीतली एक सून नवव्या महिन्यात होती, आज की उद्या अशी. म्हाताऱ्यांनी तिला घरी बसवलं होतं, असल्या अवस्थेत गर्दीत मिरवू नये म्हणून. तू कढई उतरवलीस, पिठाचे हात पदराला पुसलेस, तिला हाताला धरून चर्चमध्ये नेलंस आणि थेट पहिल्या बाकावर बसवलंस. त्याच बाकावरची एक बाई नाक मुरडून काही बोलली. तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "ती अर्धी नाय आली, दोन आल्यात. सरका जरा." आणि ती सरकली. तुझ्यापुढे कोण सरकत नव्हतं?

मी जुडी परत ठेवली. फुलवाल्याने शिवी दिली नाही, पण त्याचा चेहरा देत होता. नातीला म्हटलं, "चल. ड्रम खाली उतरवायचा आहे."

"अख्खा ड्रम? आजी, त्यात माती आहे, पाणी आहे, तीन मजले आहेत!"

"बाळंतपण जवळ आलेल्या बाईला उपटून नेतात का चर्चला? जशी आहे तशी न्यायची."

आता उतरवायचं कुणी? आपले पुरुष तुला माहीत आहेत, सल्ला द्यायला बारा, उचलायला एक. मालवणी काकूने तिच्या मुलाला सांगितलं आणि मुलाने मंडळाच्या पोरांना. रविवारी सकाळी सगळे हजर, गणपतीची ट्रॉली घेऊन. ज्यांनी उंच मूर्ती पुलाखालून काढल्या त्यांना ड्रम म्हणजे काय! बांबू घातले, दोर आवळले, "हळू रे, हळू, डावीकडे, पात मोडेल," करत जिना उतरले. खाली ट्रॉलीवर ठेवताना सगळ्यांनी एकदम जोर लावला आणि सवयीने एकजण ओरडला, "गणपती बाप्पा!" आणि आपली वाडी, आई, आपली सगळी क्रुसावर हात ठेवणारी वाडी, एका आवाजात म्हणाली, "मोरया!" मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि त्यानंतर जे हसू फुटलं ते मिरवणुकीला बोलावलेल्या बॅंडवाल्यांनाही आवरेना. ट्रंपेटवाल्याने तर दोन वेळा सुरुवात करून सोडून दिली.

मी तू दिलेलं लाल चौकड्यांचं लुगडं नेसले होते. कसर लागली आहे एका बाजूला, ती बाजू आत घातली. बॅंडच्या मागे ट्रॉली, ट्रॉलीच्या मागे मी, मागे वाडी, आणि विरार-बोरिवलीची माणसं मुलाबाळांसकट. रस्त्यावर बसवाल्याने गाडी थांबवून विचारलं, "मावशी, कसली मिरवणूक?" मी म्हटलं, "ओटी भरायची आहे." त्याने हात जोडले.

चर्चच्या दारात चष्मेवाली उभी. ड्रम बघून म्हणाली, "मावशी, हे गवत आहे."

"गवत तुझ्या घरी. हे पोटुशी आहे."

"लोंबी कुठे आहे? ठरलं काय होतं? भात वेदीवर."

मी काही बोलायच्या आत फादर बाहेर आले. तरुण आहेत, गोव्याचे, मराठी जपून जपून बोलतात, जसं काही दुसऱ्याचं आहे. मी त्यांचा हात धरला आणि पातीच्या मधल्या फुगीर भागावर ठेवला, काकूने मला दाखवलं होतं तसा. म्हटलं, "दाबू नका. आत लोंबी आहे. दिवाळीला सुटेल." त्यांनी बोटं फिरवली. मग दुसरी पात धरून पाहिली.  कढईपेक्षा मला तुझं वाटत होतं, तू इतकी वर्षं बोललीस त्याचं. फादर म्हणाले, "आहे. आत आहे." आणि पोरांना म्हणाले, "आत घ्या. वेदीपाशी."

चर्चच्या मधल्या वाटेवरून ती ट्रॉली करकरत गेली. वेदीसमोर टेम्पोतल्या पिवळ्या जुड्या रचलेल्या होत्याच, त्या बाईने गुपचूप सांगून ठेवल्या होत्या. शहाणी आहे, पण हे मी तिला तोंडावर सांगणार नाही. फादरनी जुड्यांना आशीर्वाद दिला, पाणी शिंपडलं. मग आमच्या ड्रमकडे वळले, पुस्तकाची पानं चाळली, आणि जी प्रार्थना गरोदर बायकांवर म्हणतात ती सुरू केली. सुखरूप सुटका होवो, जीव धडधाकट येवो. पहिल्या बाकावर हसू, मग दुसऱ्या, मग सगळीकडे. पण 'आमेन' असं दणक्यात आलं की कबुतरं उडाली. मागे दाराशी मंडळाची पोरं उभी होती, त्यांनीही म्हटलं.

फुगे मीच केले. चष्मेवाली माझ्या शेजारी पीठ धरून उभी होती, आणि तिच्या मनगटावर मी एकदा चमचा मारला. तुझ्याइतका जोर नाही माझ्यात, पण तिने मूठ सैल केली, आणि तिचा गोळा वर आला.

दिवाळीत भात पिकलं. चिमण्यांनी त्यांचा वाटा घेतला, राहिलं ते काकूने आणि मी कापलं, तिने झोडपून, कांडून, सुपात पाखडून दिलं. सगळं मिळून वाटीभर तांदूळ. मी नातीला सांगितलं होतं की हे तांदूळ आणि हा कागद दोन्ही तुझ्या थडग्यावर ठेवून येणार. ऑल सोल्सला, मेलेल्यांच्या दिवशी, मी थडग्यावर गेले नाही म्हणून ती मला बोलते आहे, कारण तेव्हा भात पुरतं वाळलं नव्हतं आणि मी तेच निमित्त केलं. आता वाळलंय. पण आज सकाळी मी त्या वाटीभर तांदळात नारळाचं दूध आणि गूळ घालून खीर शिजवली. एक चमचा चाखायचा म्हणून घेतला. आई, पातेलं रिकामं आहे. काकूला नाही, नातीला नाही, तुला नाही, एक दाणा ठेवला नाही. रिकाम्या हाताने हा कागद घेऊन तुझ्याकडे यायला मला लाज वाटते, म्हणून तो इथेच राहू दे.