मिश्रीची डबी

चंद्रकला मावशी,

शाळेत तंबाखू न खायची शपथ म्याच सगळ्यात मोठ्यानं घेतली. मग बाईंनी विचारलं, "मिश्री कोण लावतं?" म्या लगेच हात वर केला. वाटलं, दात घासणाऱ्यांचं कौतुक असंल. बाई म्हणाल्या, "अगं, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच."

व्हय का गं? दाढ दुखली तवा तूच लावून दिलतीस. दाढ दुखायची कवाच थांबली. मग सकाळी मिश्री लावली न्हाय तर डोकं का दुखतं?

आज धाकट्या सृष्टीची दाढ ठणकतीया. आई म्हणली, "तुझी डबी दे तिला." म्या म्हणलं, हरवली. डबी ज्वारीच्या कणगीमागं लपवलीया.

हे पत्र टाकणार न्हाय, तुझ्या जिवाला लागंल. पण एवढं सांग, सृष्टीपासून लपवलेली डबी माझ्यापासून कुठं लपवू?

तुझी,
राजनंदिनी
परंडा